ख्लीब

शिरपूरच्या स्टँडवर तो रोज माझ्यासोबत वाशिमच्या बसची वाट पाहतो. नाव मी विचारलं नाही. डॉक्टरकी शिकायला युक्रेनला गेला, युद्धामुळे परतला, आता औषधाच्या दुकानात बसतो. बसमध्ये मी मुलांच्या वह्या तपासतो. 'मले' खोडून लाल पेनानं 'मला' केलं की तो थकल्यासारखा हसतो.

"आमची घरमालकीन तुमच्यासारखीच होती, सर. पावाले ख्लीब म्हना म्हने. रशियन ख्ल्येब तोंडातून निघाला का हातातला तुकडा काढून घ्यायची."

तिचं गाव आता रशियाच्या ताब्यात आहे. अधूनमधून तिचा फोन येतो. परवा स्टँडवरच तिच्याशी बोलणं झाल्यावर तो मोबाइलची काच बाहीला पुसत राहिला, पुसून झाली तरी.

"काय झालं?"

"जेवनाचं सांगतानी ख्ल्येब म्हनली. कोनी जवळ बसून ऐकून राह्यलं असन."

"मग तुम्ही?"

"मी बी ख्ल्येबच म्हनलो. पहिल्यांदा तिनं मले टोकलं नाही, सर."

बस आली. आत बसून उघडलेल्या वहीत पहिल्याच ओळीत 'मले' होतं. मी पान उलटलं.