वाफ्याचं पांघरूण

आमच्या आत्याबाई फुलांच्या वाफ्यात झोपायच्या. डुलकी लागली म्हणून कलंडल्या, असं नव्हे. दुपारची भांडी झाली की पदर खोचून, गुलाबाच्या दोन रांगांमध्ये डोळे मिटून सरळ आडव्या व्हायच्या. शेजारी त्यांचा कुत्रा ढोल्या, चारी पाय वर करून. नव्वदच्या आसपास मी वडूजहून लग्न होऊन तासगावला आले. पहिल्याच आठवड्यात सासूला असं मातीत पडलेलं पाहिलं आणि माझ्या हातातली कळशीच सुटली. मला वाटलं, बाई गेल्या! तर एक डोळा उघडून म्हणतात कशा, "वरडू नगंस सुनबाई. टोचतंय का बघतीय."

आमचं घर द्राक्षबागेच्या कडेला. उन्हाळ्यात पाणी बागेलाच पुरता पुरत नसे, फुलांच्या वाट्याला उरलंसुरलं. ओल धरून राहावी म्हणून वाफ्यावर काहीतरी पसरावं लागे. शेतकी खात्याचे साहेब त्याला आच्छादन म्हणत, आत्याबाई पांघरूण म्हणत. बाकी गाव उसाचं पाचट टाकून मोकळं होई. आत्याबाईंचं तसं नव्हतं. पांघरूण झाडाला मानवलं पाहिजे आणि ढोल्यालाही, कारण त्याचा मुक्काम वाफ्यात आणि तोंड सदा चालू. चप्पल, साबण, दारातली रांगोळी, त्याला काही म्हणता काही वर्ज्य नव्हतं. "त्येच्या पोटात जायाचं ते आदी माझ्या नाकातनं जाईल," असा त्यांचा कायदा होता.

पाचटाचं पातं त्यांनी स्वतःच्या गालावरून फिरवून बघितलं. बारीक ओरखडा उठला, पाचट बाद. सुताराकडचा भुसा हुंगला, त्याला पॉलिशचा वास आला, तोही बाद. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बेदाण्याच्या शेडमधला केर पोतंभर आणला. अंगणभर असा गोड, जड वास पसरला की माझेच डोळे मिटायला लागले. आत्याबाईंनी पोत्याचं तोंडसुद्धा पुरतं सोडू दिलं नाही. "गोड लागलं की हे बेनं समदं खाईल आन वकत बसंल."

मामंजींनी कपाळाला हात लावला. "आगं, लेकीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली न्हवतीस!"

"लेकीला बोलायला तोंड हुतं," आत्याबाई म्हणाल्या.

मला मात्र शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. कुंपणापलीकडून बायका माना उंचावून बघायच्या, पदराआड हसायच्या. मी म्हणायची, "आवं आत्याबाई, निदान चटई तरी घ्या की खाली."

"ढोल्या घेतो व्हय चटई?" की संपलं! वर आणि बाजूची जागा थोपटून मला म्हणायच्या, "ये, पड जरा. हितनं आभाळ लय जवळ दिसतं." मी म्हणायची, "नको बाई, लोक बघतात." त्या हसायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या. दुपारच्या झळांत बाग हलल्यासारखी दिसायची, कुठंतरी होला घुमत असायचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती दोघं मातीत अर्धी विरघळून गेल्यासारखी वाटायची.

मग एकदा तेलगिरणीतून शेंगांच्या टरफलांची पोती आली. टरफल हलकं, मऊ, कुरकुरीत. आत्याबाईंच्या मनास आलं. अर्धा वाफा झाकून झाला आणि शेवटच्या पोत्यात तळाशी हात घातला तशा त्या थबकल्या. मूठ नाकाशी नेली. तोंड पांढरंफटक पडलं. "ह्यात एरंडीची पेंड हाय," एवढंच म्हणाल्या. ही पेंड खताची, पोटात गेली तर विषच. गिरणीवाल्यानं पेंडीच्या रिकाम्या पोत्यातच टरफल भरून दिलं होतं आणि तळाला चुरा राहिला होता. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. ढोल्या पोत्याजवळ उभा राहून मिशा चाटत होता.

त्यानं खाल्लं की नुसतं हुंगलं, कुणीच पाहिलं नव्हतं. जनावरांचे डॉक्टर आले, औषध पाजून गेले, आता वाट बघा म्हणाले. आत्याबाई ओसरीवर बसल्या, ढोल्याचं डोकं मांडीवर आणि हात त्याच्या पोटावर. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ढोल्याच्या आदी वाघ्या हुता," त्या म्हणाल्या. "वाळवी लागू ने म्हणून मीच गुलाबाला पेंड घातली हुती. माझ्याच हातानं. कुत्र्याला तिचा वास भावतो ह्ये मला कुठं ठावं? वाफा उकरून खाल्ली त्येनं. मरताना माझ्याकडंच बघत हुता गं. त्येला वाटत हुतं, ही वाचवंल."

ज्या बाईला मी मनातल्या मनात येडी म्हणत होते, ती एवढी वर्षं कशासाठी मातीत पडत होती ते मला तेव्हा कळलं. दिवस कलला. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. आणि दिवेलागणीला ढोल्या उठला, अंग झाडलं, रमतगमत गेला आणि मामंजींची नवीकोरी चप्पल चघळत बसला. एरवी मामंजींनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी डोळे पुसत म्हणाले, "खा बाबा. दुसरी बी आणून देतो."

त्यानंतर मीच तोंड उघडलं. म्हटलं, आमच्या वडूजला गोठ्यात चगळ पडते. चगळ म्हणजे गुरांनी खाऊन उरलेला, त्यांच्या पायाखाली चुरा झालेला कडबा. माझ्या भावानं एसटीच्या टपावर घालून दोन पोती आणली. पोती उतरवताना कुरकुरला, "आवं मावशी, आमच्याकडं जनावरांला वैरण पुरंना आन तुमी कुत्र्याला गाद्या करताय!"

आत्याबाईंनी ओंजळ भरून चगळ तोंडाजवळ धरली. "गाईच्या तोंडाखालचं हाय. ह्यात इख कुठलं?" मग वाफ्यात पसरून त्या आडव्या झाल्या आणि उठेचनात. ढोल्यानं जागा हुंगली, गोल फिरला आणि त्यांच्या पोटाशी मुटकुळं करून झोपला. किती तरी वेळानं त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "सुनबाई, तुझ्या म्हायेराचा वास लय गार हाय." सासरी मला इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. पुढं दर उन्हाळ्यात वडूजहून चगळ यायची आणि दर उन्हाळ्यात त्या मला बोलवायच्या, "ये, पड जरा." मी कधीच गेले नाही.

काही वर्षांनी आत्याबाईंनी अंथरूण धरलं. आमच्याकडं शेवट जवळ आला की माणसाला खाटेवरून खाली भुईवर घेतात. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "मला फरशीवर नगं. वाफ्यात घ्या." त्या दिवशी उन्हं कलली होती. अंगणात भावकी जमली होती, कुंपणाशी त्याच शेजारणी उभ्या होत्या. मामंजी आणि माझे दीर खाटेला हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा."

मी चगळ पसरली. हातानं सारखी केली. आणि सगळ्यांच्या देखत पदर खोचून वाफ्यात आडवी झाले. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी गाल टेकवला, पाठ टेकवली. खांद्याखाली कडब्याचा एक ताठ धांडा लागला, तो काढून लांब फेकला. पुन्हा पडले. गुलाबाच्या फांद्यांमधून आभाळ खरंच लय जवळ दिसत होतं. म्हातारा ढोल्या ओसरीवरून पाय ओढत आला आणि माझ्या कुशीला लागून बसला.

मी उठून बसले. "आता आणा त्यास्नी," मी म्हणाले. "कुठं टोचत न्हाई."