कमलचं सुतक

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. आतल्या आत कुढून थकले, एवढंच खरं.

आम्ही तेव्हा मावला नावाच्या गावात राहायचो. बाबांचं किराणा दुकान होतं. शेजारच्या कमलचे आईबाप भाजी पिकवायचे. त्या पावसाळ्यात दोघंही ओढ्याच्या पुरात बैलगाडीसकट वाहून गेले. मागे उरली कमल आणि तिचा धाकटा भाऊ — स्वतःचं नाकही पुसता न येणारा. माझी आई तेव्हा मावशीच्या बाळंतपणाला मंचेरियलला होती. ती परतली गणपतीत, आणि येताच म्हणाली, "त्या दोघाईले आपल्याच घरी ठेवून घेऊ. त्याईचा मामा न्यायच्या आधी आजच इचारते कमलले."

मी एकुलती एक. आईची मांडी, तिच्या हातचा पहिला मोदक — सगळं माझं. वाटून घ्यायची सवय कुठं होती मला?

त्याच दुपारी बाबांनी भाड्याचा व्हीसीआर आणला. गल्लीतली पोरं जमली. सिनेमा कार्टूनचा, पण हसवणारा नव्हे. लढाईत बेचिराख झालेलं शहर, आणि त्यात आईबापाविना दोन भावंडं. बहीण भावाला पाठीवर घेऊन ढिगाऱ्यांतून पावाचे तुकडे शोधत होती. नुसती रंगवलेली चित्रं — पण मी हमसून हमसून रडत होते.

तेवढ्यात कमल दारात आली. कडेवर भाऊ.

घरात गणपती बसलेले, बाबा दुकानात. आईनं मला विचारलं, "काय वं, त्याईचं सुतक फिटलं का?"

फिटलं होतं. तेरवीचं जेवण मी बाबांसोबत जेवून आले होते. आणि तरी — हो, तरी — मला ती दोघं आमच्या घरात नको होती, म्हणून मी म्हणाले, "नाई फिटलं."

आईनं दारातूनच सांगितलं, "गणपती गेले की ये बाई, मंग बोलू." माझं बोलणं कमलनं ऐकलं होतं. एका शब्दात ती मला खोटं पाडू शकली असती. काऊन नाही पाडलं? ती माझ्याकडे बघत राहिली, मग भावाला म्हणाली, "चाल."

मी पुन्हा टीव्हीसमोर बसले. आणि सांगू? — पुढंही रडलेच, त्या चित्रातल्या भावासाठी.

सकाळी मामा दोघांना घेऊन गेला. नंतर बाबांकडून आईला कळलं की सुतक केव्हाच फिटलं होतं. पोरीला काय समजतं त्यातलं, म्हणून ती मला रागावलीही नाही. पुढं मामाच्या गावाकडच्या, बेज्जूरच्या एका माणसानं सांगितलं, धाकटा त्याच हिवाळ्यात तापानं गेला. कमलचं काय झालं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आई मात्र त्या दुपारची गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगायची — चित्रातल्या पोरांसाठीही रडली माझी लेक, एवढी मायाळू. मी तिथंच बसून ऐकायचे. मरेपर्यंत तिनं तसंच मानलं, आणि मी मानू दिलं.