मुकादमची टोळी

आमची मुकादम आता एका मोठ्या बेकरीत पाळीची सुपरवायझर आहे. भट्टीवर उभं राहायला, पाव भरायला माणसं लागतात ती हीच निवडते. निवडते म्हणजे काय, दुसऱ्या बेकऱ्यांच्या दारात जाऊन पळवून आणते. मालकाला वाटतं, बाईंना ही कला नोकरीत आल्यावर साधली. मला हसू येतं. हिने मला पळवून आणलं तेव्हा ही शाळेत होती आणि हिच्या दोन वेण्या होत्या.

मुकादम हे नाव आम्हीच ठेवलं. माणसं गोळा करायची, त्यांना घाम फोडायचा आणि वर आपणच दमल्यासारखं कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, हे तिच्यात पहिल्यापासून होतं.

मी तेव्हा मोठ्या शाळेत होते. मोठी म्हणजे खरंच मोठी. व्हॉलीबॉलची दोन कोर्टं, मुलींना गुडघ्यांचे नवे पॅड आणि खेळाचे सर, ज्यांच्या गळ्यातली शिट्टी झोपेतही निघत नसावी. संघातल्या सहाजणी खेळायच्या, बाकीच्या अधूनमधून आत जायच्या आणि मी पाणी द्यायचे. दोन वर्षं मी पाणी दिलं. कुणाला गार लागतं, कुणाला साधं, मला तोंडपाठ होतं. सर मनाने चांगले होते वगैरे मी म्हणणार नाही. त्यांना माझी उंची दिसायची आणि तिथेच त्यांचं बघणं संपायचं.

मुकादमची शाळा गोदामांच्या मागे. कोर्ट एकच, नेटला जागोजागी गाठी, कोच म्हणून चित्रकलेच्या बाई, त्या मैदानात खुर्ची टाकून पेपर तपासायच्या. आदल्या वर्षी मुली कमी पडल्या म्हणून त्यांना सामना खेळताच आला नव्हता. मुख्याध्यापिकांनी मुकादमला बोलावून सांगितलं होतं, "यंदा एकदा जरी मुली कमी पडल्या म्हणून सामना सोडलात, तर संघ बंद. मैदानात शिक्षकांच्या गाड्या लागतील." तेव्हा हिच्याकडे मुली होत्या तीन. स्वतःला धरून.

मग ती दुसऱ्या शाळांचे सामने बघायला जायला लागली. सगळे कोर्टकडे बघायचे, ही बाकाकडे बघायची. एक दिवस आमच्या बाकामागच्या पायरीवर येऊन बसली. मला सवय होती, चेंडू येण्याआधीच मी पुटपुटायचे, "मागे जा... अगं मागे... गेला." माझ्या खांद्यावर टकटक झाली.

"तुला सगळं आधीच दिसतं ना?"

"हो."

"मग इथे काय करतेस?"

"पाणी देते."

"आमच्याकडे ज्याचं पाणी त्यानं आणायचं," ती म्हणाली. "येतेस?"

दुसऱ्या दिवशी ती थेट आमच्या घरी हजर. आई शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या, पायाखाली मशीन, मांडीवर कुणाचा तरी अर्धवट ब्लाउज. मला वाटलं आता ही आपल्या शाळेचे गोडवे गाणार. कसलं काय! "काकू, आधीच सांगते," तिने सुरुवात केली, "आमचं नेट फाटकं आहे. कोचना व्हॉलीबॉल येत नाही. पावसाळ्यात कोर्टवर चिखल होतो. कप आमच्याकडे एक आहे, तोही निबंधाचा."

आईने टाचण्या काढल्या. "मग हिने यायचं कशाला? आणि तिथेही हिला बसवूनच ठेवलं तर?"

"बसवणार कुठून, काकू? हिच्या जागी घालायला दुसरं कुणी असायला तर हवं!"

आई इतकी हसली की ब्लाउज खाली पडला. सत्र सुरू व्हायच्या आत माझं नाव तिथे घातलं गेलं.

अशाच तिने आणखी दोघी आणल्या. एक उंच, तिला धावायला उशीर होतो म्हणून काढलेली. दुसरी डावरी, तिच्यामुळे बाकीच्यांचा गोंधळ होतो म्हणून बसवलेली. शिट्टीसरांनी मोठ्या शाळेच्या फाटकात मुकादमला गाठून सुनावलं, "दुसऱ्यांच्या मुली पळवतेस, लाज नाही वाटत?" ही शांतपणे म्हणाली, "पळवते कुठे, सर? तुम्ही टाकलेल्या उचलते." सरांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण 'टाकलेल्या' म्हणाली याचा मला कितीतरी दिवस राग होता.

पहिला सामना आम्ही सपाटून हरलो, आणि हरलो तेही कसे! चेंडू आमच्या मधोमध यायचा, आम्ही तिघी त्याच्याकडे प्रेमाने बघायचो आणि तो थपकन खाली पडायचा. "मला वाटलं तू घेशील," डावरी म्हणायची. "मला वाटलं उंच घेईल," मी म्हणायचे. उंच काहीच म्हणायची नाही, ती अजून वाटेत असायची. बाकावर वाढलेल्या मुली आम्ही. चेंडू दुसऱ्या कुणाचा तरी असतो, हेच आमच्या अंगात मुरलेलं.

मुकादम चिडली नाही. कमरेवर हात ठेवून तिने नवा नियम काढला. "चेंडू पडला तर चालेल. पण दोघी एकमेकींवर आदळून पडला पाहिजे. नुसता पडला तर मैदानाला फेऱ्या." पुढचा महिना आम्ही एकमेकींवर आदळलो. कपाळाला टेंगूळ, कोपर काळंनिळं. आई मला बघून म्हणाली, "खेळायला जातेस की भांडायला?" पण हळूहळू "माझा!" असं ओरडायला जीभ वळायला लागली. आधी हळू, मग शेजारच्या गोदामातले हमाल मान वर करून बघतील एवढ्या मोठ्यानं. एक सामना जिंकलो, मग दुसरा, आणि बघता बघता अंतिम सामना. समोर मोठी शाळा. बाकावर शिट्टीसर.

दोघांचा एकेक डाव जिंकून झाला आणि शेवटच्या डावात मुकादम उडी मारून खाली आली ती वाकड्या पायावर. घोटा डोळ्यांदेखत सुजला. पंच आले, म्हणाले, "बदली खेळाडू?" आमचा बाक रिकामा होता. त्यावर फक्त चित्रकलेच्या बाईंची पर्स होती. "सहा नसतील तर सामना त्यांना द्यावा लागेल," पंच म्हणाले. मला मैदानातल्या गाड्याच दिसायला लागल्या.

मुकादमने बुटाची नाडी करकचून आवळली. "सहा आहोत," ती म्हणाली आणि भिंतीला धरावं तशी मला धरून उभी राहिली. मग माझ्या कानात म्हणाली, "मी हलणार नाही. ते सगळं माझ्यावर टाकतील. तू काय करायचं ते तुला दिसेलच."

आणि झालंही तसंच. शिट्टीसर बाकावरून उठून ओरडायला लागले, "लंगडीवर टाका! लंगडीवर!" एवढा शहाणा माणूस, पण त्यांच्या लक्षात आलं नाही की ते आम्हालाही ऐकू येत होतं. चेंडू कुठे येणार, हे साऱ्या मैदानाला ठाऊक झालं. दोन वर्षं मी बाकावर जे पुटपुटत होते, ते आता सर माझ्यासाठी ओरडून सांगत होते! जागा बदलत मुकादम लंगडत जिथे जाईल, तिच्या शेजारी मी. पहिला चेंडू मी उचलायचा, डावरीने उठवून द्यायचा, उंचने मारायचा. उंच आता वेळेवर पोचत होती.

शेवटचा चेंडू आला तो थेट मुकादमच्या छातीवर. तिने हात पाठीमागे बांधून घेतले. खरंच बांधले, मी पाहिलं. "माझा!" मी एवढ्या जोरात ओरडले की घसा फाटला, आणि तिच्यासमोर आडवी पडून चेंडू वर काढला. डावरीचा उलटा हात, उंचचा फटका, आणि पलीकडे त्या सहाजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या. चेंडू त्यांच्या मधोमध पडला.

पुढचं काही नीट आठवत नाही. आम्ही एकमेकींच्या अंगावर होतो आणि सगळ्यात खाली मुकादम बोंबलत होती, "पाय! अगं माझा पाय!" चित्रकलेच्या बाई खुर्चीवर चढून नाचत होत्या. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मी उठले तर समोर शिट्टीसर. हात पुढे करून उभे.

"अगं, एवढं खेळतेस!" ते म्हणाले. "आमच्याकडे होतीस तेव्हा हे सगळं कुठे होतं?"

"तुमच्या पाठीमागेच होतं, सर," मी म्हटलं. "बाकावर."

इतक्यात डावरी आणि उंच यांच्या खांद्यांवर लोंबकळत मुकादम तिथे आली. सरांकडे तिने बघितलंही नाही. मान लांब करून ती त्यांच्या मागच्या बाकाकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "तिथे आता पाणी कोण देतं?"