उंदरीचं पान

उंदीर म्हटलं की सुशीलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मेल्यांनी बियाण्याचं भात फस्त केलं, साबण खाल्ला, नवी घोंगडी चाळणी करून ठेवली! रामनगरजवळच्या त्या घरात बारमाही सापळा लावलेला असायचा.

फक्त गणपतीत तो माळ्यावर जायचा. गणपती बसला की दुसऱ्या दिवशी उंदरी. सुशीलाच्या माहेरी, खानापूरकडं, त्या दिवशी उंदरांना नैवेद्य दाखवतात, म्हणजे ते उभं भात तोडत नाहीत. पान ठेवायचं ते शेताच्या बांधावर. यंदा बांध पाण्याखाली होता. म्हणून तिनं मटण-भाकरीचं पान पडवीत ठेवलं, नवऱ्याच्या अंथरुणाच्या पायथ्याशी.

“निदान सापळा तरी लाव,” म्हादू म्हणाला.

“देवाच्या वाहनाला सापळा? गप पडा तुमी,” ती खेकसली.

सकाळी अंथरूण रक्तानं माखलेलं. म्हादूच्या पायाचा अंगठा कुरतडून ठेवलेला, आणि हा बाबा उठून निवांत चहा मागतोय. सुशीला त्याच्यावरच उखडली. मढ्यासारखं झोपायचं म्हणजे काय, हाड दिसाय लागलं तरी जाग न्हाई?

दवाखान्यात नर्सबाई राजेश्वरीनं जखम धुतली. तेव्हाही म्हादू कण्हला नाही.

“उंदीर फुंकर घालून खातो, म्हणून कळलं न्हाई,” सुशीला म्हणाली.

“फुंकर-बिंकर काही नसतं, अक्का. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालाय. अशा माणसाचं उंदरांनी किती खाल्लं तरी त्याला कळत न्हाई. अंगठा काढावाच लागंल. विष वर चढलं तर पाय जाईल.”

ज्या पायांवर म्हादू दिवसभर चिखलात उभा राहून रोप लावायचा, त्यातला एक पाय. सुशीलाला उंदरांचा राग आला, देवाचा आला, नवऱ्याचा तर आलाच. पण कुणावरही राग टिकेना. फिरून फिरून तो तिच्यावरच येत होता.

डॉक्टर अंगठा काढायच्या संमतीचा कागद घेऊन आले. कशानं झालं, विचारलं.

“रानात खुंट लागला,” म्हादू पटकन म्हणाला.

सुशीला फणकारली. “मला पाठीशी घालू नका. उंदरानं खाल्लंय, सायेब. आणि तो आपनहून आला न्हाई. पान मी वाढलं, ह्यांच्या पायाशी. सापळा मीच काढला. तसंच लिवा. आणि सही कुठं करायची ते दाखवा.”