फळ्यावरचं नाव

चौथीत मी मॉनिटर होते आणि माझ्याइतकी दुष्ट मॉनिटर अख्ख्या सोलापुरात दुसरी नसेल. हेमावतीबाईंनी ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटलं की साठ पोरं चिडीचूप. बाई दप्तर लिहायला बसल्या की खडू माझ्या हाती. जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर, आणि नाव लागलं की प्रगतिपुस्तकात वर्तणुकीचे दोन गुण कमी. वर्ग एवढा गप्प की पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खडखड आम्हाला पाढ्यांसारखी पाठ झाली होती. तपासणीचे साहेब दरवर्षी बाईंच्या शिस्तीबद्दल चांगला शेरा लिहून जायचे.

त्यांची आई वारल्यापासून बाई एकट्याच राहायच्या. माझे वडील त्यांच्याकडे दूध घालत. ते सांगायचे, "रविवारी बाईंच्या तोंडून ‘पावशेर’ एवढाच शब्द निगतो. त्योबी मी दारात गेलो म्हणून." आम्ही खो खो हसायचो. अक्कल कुठली आम्हाला?

एकाहत्तरच्या एप्रिलात बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी हेडमास्तर ईरप्पा गुरुजींनी वर्गातच त्यांना शाल-नारळ दिला. "बाईंना कुणाला काही सांगायचंय का रे?" असं विचारून ते पुढच्या वर्गाकडे गेले. साठ बोटं साठ तोंडांवर. बाई एकेका बाकाकडे पाहत होत्या. मला वाटलं, शिस्त बघताहेत, म्हणून मी आणखी ताठ बसले. त्या वाट बघत होत्या, हे कळायला मला फार वर्षं लागली.

शेवटी मागच्या बाकावरून निंगव्वा बोलली. मेंढरं राखणाऱ्या घरची पोर, परीक्षेत कायम काठावर.

"बाई, उद्यापास्नं तुमी काय करनार? घरी कोन हाय की न्हाय तुमाला?"

बाईंचा चेहरा एकदम खुलला. त्या काहीतरी सांगणार, तेवढ्यात मी उठले. निंगव्वा हात वर न करता बोलली होती. मी फळ्यावर ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं. बिचारीनं घाबरून बोट पुन्हा तोंडावर ठेवलं. बाई त्या नावाकडे बघत राहिल्या. मग घंटा झाली. त्यांनी शाल पिशवीत घातली आणि गेल्या.

निकालाची पुस्तकं त्यांनीच त्या रात्री घरी बसून भरली होती. निंगव्वाला वर्तणुकीत पैकीच्या पैकी गुण होते. माझे दोन कमी. मी घरी रडून गोंधळ घातला, बाईंना नाही नाही ते बोलले.

अठ्ठ्याहत्तर साली मी डी.एड.ला होते. पहिल्या सराव पाठाला समोरची मुलं तोंडावर बोट ठेवून बसली आणि मला कसंसंच झालं. त्याच संध्याकाळी बाईंचं दार वाजवलं.

"बाई, मी काशम्मा. तुमची मॉनिटर."

त्यांनी चहा केला. घरात कप एकच होता, तो मला दिला. स्वतः वाटीतून प्यायल्या.

"ती निंगव्वा कुठं असते गं?"

"वळसंगला दिली तिला. दोन वर्षं झाली."

"भेटली तर सांग तिला," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी उत्तर द्यायचं राहून गेलं बघ. म्हणावं, घरी कुणी नाही."

मी समोरच बसले होते.