अण्णांनी ‘बास’ म्हणणं सोडलं तेव्हा

आधी चहा घ्या. नाहीतर ऐकता ऐकता मध्येच ‘काय गं बाई तू!’ म्हणाल आणि कप निवून जाईल. आज मी हा घोटाळा हसत हसत सांगतेय खरी, पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं!

तेव्हा आम्ही ड्रेस्डेनला राहायचो. मंदार, म्हणजे माझा नवरा, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि माझं काम विसरण्याच्या आजारांवर. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं नव्हे हो. माणूस स्वतःचं घर विसरतो, तो आजार.

त्या वर्षी माझे सासरे, अण्णा, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. सासूबाई जाऊन चार वर्षं झालेली, तिकडे ते एकटेच राहायचे. अण्णांनी जन्मभर कॉलेजच्या वसतिगृहाची मेस चालवली. स्वतः एक पोळी लाटली नाही बरं का! पण दोनशे पोरांना किती कणीक लागेल ते खुर्चीत बसून सांगायचे. शेवटी एक पोळी उरायची नाही की एक पोरगं उपाशी राहायचं नाही.

आमच्याकडेही तेच. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचे, मी डब्यातून कणीक काढायला लागले की बघत राहायचे आणि बरोब्बर वेळ साधून म्हणायचे, “बास!” भाताला बास, मिठाला बास, तेलाला तर दोनदा बास. मला राग यायचा का? यायचा की! खोटं कशाला बोलू?

मग आले गणपती. तिथल्या मराठी मंडळाच्या काकूंनी फोन केला, “मेघना, तू ते मेंदूचं काय करतेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल. सोप्या मराठीत हं!”

सोप्या मराठीत! नॉनकोडिंग आरएनए! अहो, ते मला जर्मनमध्ये सांगताना घाम फुटायचा. दोन दिवस डोकं खाजवलं आणि पोळ्या लाटताना एकदम सुचलं. समोर खुर्चीत उदाहरण बसलेलंच होतं!

झालं. हॉलमध्ये साठेक माणसं, पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचा झब्बा घालून अण्णा. मी सुरू झाले. “जीन म्हणजे घरातली पाककृतींची वही. वहीतून उतरवलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी वाचून पेशी पोळ्या करते, ती प्रथिनं. पण काही आरएनए असे असतात, की त्यांच्यापासून एक पोळी होईल तर शपथ! ते नॉनकोडिंग. म्हणजे आमचे अण्णा! नुसते बसून असतात!”

आणि पडद्यावर अण्णांचा खुर्चीतला फोटो लावला. काय हशा पिकला म्हणता! टाळ्या ऐकल्या की मला चेव येतो. म्हटलं, “पूर्वी तर शास्त्रज्ञ ह्यांना चक्क कचरा समजायचे!”

पुन्हा हशा. तेवढ्यात काकूंनी लांबून हात हलवला. मोदक निवत होते, आरती व्हायची होती. माझं भाषण अर्ध्यावर संपलं. मनात म्हटलं, काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी कणकेचा डबा काढला. “अण्णा, किती घेऊ?”

“घे की. तुला वाटेल तेवढी.”

दमले असतील, मला वाटलं. त्या दिवशी चौदा पोळ्या उरल्या. दुसऱ्या दिवशी अकरा, वर पातेलंभर भात. तुम्ही म्हणाल, आठ वर्षांच्या मुलीची आई तू, तुला अंदाज नाही? नव्हता! दोन महिने ‘बास’ ऐकून मी अंदाज करायचाच सोडला होता. पोळ्या फ्रीझरमध्ये गेल्या. दहा दिवसांत फ्रीझरचं दार गुडघ्याने लोटावं लागायला लागलं. अण्णा खुर्चीत बसून सगळं बघायचे, पण अवाक्षर नाही.

दुसरी कुठलीही सून असती तर तिला कळलं असतं, म्हातारा रुसलाय. पण मी पडले तज्ज्ञ! मी वही केली. ‘उत्साह नाही. बोलणं कमी. निर्णय टाळतात.’ मग सईच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, गृहपाठाचं निमित्त करून कागद पुढे केला. “अण्णा, एक घड्याळ काढून द्या ना.”

अण्णांनी सुरेख गोल काढला, बारा आकडे घातले आणि पेन्सिल खाली ठेवली. काटेच नाहीत!

“काटे, अण्णा?”

“तूच काढ. मी काय, बसून असतो.”

घड्याळाची चाचणी आमच्या प्रयोगशाळेत पोराटोरांनाही ठाऊक, काटे जमले नाहीत की विसरण्याच्या आजाराची शंका! मी मंदारला बाथरूममध्ये ओढलं आणि नळ सोडून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक.

“अगं, शुक्रवारी विमान आहे त्यांचं! तिकडे गॅस चालू ठेवून फिरायला गेले तर?”

“म्हणूनच म्हणते, तिकीट रद्द कर.”

“आणि त्यांना काय सांगू? अण्णा, आता तुम्ही एकटे राहायचं नाही?” एवढं म्हणून तो टबच्या काठावर बसला आणि रडायलाच लागला. मीही रडले. आमचं लग्न लावलं, नातीला मांडीवर घेतलं, ती आठवणच त्या माणसाच्या डोक्यातून पुसली जाणार!

जर्मनीत डॉक्टरचा टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला महिने लागतात. मी प्रयोगशाळेतल्या ओळखीने चार दिवसांत मिळवला. अण्णांना सांगितलं, विमानाआधीची तपासणी. सईला शाळेची सुट्टी, म्हणून तीही बरोबर. आता सईचं कसं, की तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, छत्री, बटाटा, खिडकी. मी भाषांतर करतेय. मग घड्याळ काढायला दिलं, अकरा वाजून दहा मिनिटं. अण्णांनी फर्रकन काढलं. काटे तर काढलेच, वर सेकंदकाटाही! मग तीन शब्द विचारले. अण्णांनी घडाघडा सांगितले. खरं सांगते, तिसरा शब्द मीच विसरले होते, तो सईने सांगितला.

बाई गोंधळल्या. “पण मग घरी ते बोलत का नाहीत? विचारा त्यांना.”

मी विचारलं. अण्णांनी शांतपणे झब्बा सारखा केला. “सांग तिला. सुनेने साठ माणसांपुढे माझा फोटो लावून सांगितलं, हे नुसते बसून असतात आणि असल्यांना कचरा समजतात. म्हटलं, बरं. कचऱ्याने कशाला तोंड उघडावं?”

मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. मी बाईंकडे वळून गोड आवाजात जर्मनमध्ये सांगितलं, “म्हणतात, मला शांतता आवडते.”

“नाइन!” सई खुर्चीतून ताडकन उठली. “दास हाट आजोबा गार निष्ट गेझाग्ट!” नाही, आजोबा असं बोललेच नाहीत! आणि माझ्या लेकीने फोटोसकट, साठ माणसांसकट, सगळं शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगून टाकलं. कचऱ्यालाही ‘म्युल’ म्हणाली, जराही सौम्य केलं नाही. बाईंचं पेन हवेतच थांबलं.

लाज? अहो, लाजेने मेले! पण त्याहून मोठं ओझं उतरलं होतं. मी अण्णांचा हातच धरला. “अण्णा, तुम्ही रागावला होतात? नुसते रागावला होतात?”

“नुसता? चांगला तीन आठवडे रागावलोय!”

“देवा, किती बरं झालं!” मी म्हटलं आणि भर दवाखान्यात ढसाढसा रडले. अण्णाच घाबरले. मला खिशातला रुमाल देऊन म्हणाले, “ही बरी आहे ना? हिला तपासा जरा.”

बाहेर आल्या आल्या मंदारला फोन केला. तो इतक्या मोठ्याने ‘हुश्श’ म्हणाला, की सई शेजारून हसायला लागली. तिकीट जागच्या जागी राहिलं.

घरी आल्यावर अण्णा पुन्हा खुर्चीत बसले. मी म्हटलं, “अहो अण्णा, माझं भाषण अर्धंच राहिलं होतं हो! खरी गोष्ट तर पुढे होती.”

“मग कर पुरं.”

हातात लाटणं घेऊन मी सुरू झाले. म्हटलं, तो बसून असणारा आरएनए चिठ्ठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, बास, आता पोळ्या पुरे. त्याला कचरा समजणारे चुकले होते. तो गप्प झाला, तर मेंदूच्या पेशीत प्रथिनं नको इतकी साचतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्यातून माणूस माणसाला विसरायला लागतो, असं आम्हाला वाटतं. अजून पुष्कळ कळायचंय. पण तो आहे म्हणून डोकं ठिकाणावर आहे. आणि पुरावा हवा तर फ्रीझर उघडून बघा! मग मी उंदरांचं सांगितलं, पेशींचं सांगितलं, आमच्या जर्मन बॉसचं सांगितलं. तव्यावरची पोळी करपली तरी माझं चालूच.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे जरा ओले झालेले मला दिसले. मग त्यांनी हात वर केला.

“बास!”

तीन आठवड्यांनी ऐकलेलं ते पहिलं ‘बास’! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात अण्णा म्हणाले, “पोळ्यांचं मी बघतो गं. पण तुझ्या बोलण्यावर हात ठेवणारा एखादा आरएनए मिळतो का, ते तेवढं प्रयोगशाळेत बघ.”