जावेच्या स्वयंपाकघराचं माप

धाकट्या जावेनं वरती वेगळं स्वयंपाकघर करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी माझी गच्ची गेली.

बदनापूरला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. खाली आम्ही, वरच्या दोन खोल्यांत दीर आणि जाऊ. नऊ वर्षं चूल एकच होती, खालची. जाऊ जालन्याला एका शाळेत क्लार्क आहे. सकाळच्या गाडीनं जाते, दिवेलागणीला परत येते. मी घरीच ब्लाऊज शिवते. तिचा डबा मीच भरायचे. ती रविवारी भाज्या निवडून द्यायची, मेथीच्या जुड्या घेऊन माझ्याशेजारी बसायची, शाळेतल्या गमती सांगायची. आमच्यात कधी भांडण झालं नाही. म्हणूनच एका रविवारी दुपारी जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला किती दिवस त्रास द्यायचा? गच्चीवर एक किचन काढून घेतो म्हणतो," तेव्हा माझं तव्याकडचं लक्ष उडालं.

"घ्या की," मी म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

तव्यावरची पोळी करपली. जावेनं उठून गॅस बंद केला.

गच्चीच्या ज्या भागात मी कुरडया वाळवायचे, तिथं भिंती उठल्या. स्लॅबऐवजी वर पत्रे टाकले. पावसाचं पाणी मागच्या गल्लीकडं जावं म्हणून पत्र्याला चांगला उतार दिला होता. पुढच्या भिंतीशी उंची नऊ फूट, मागं जेमतेम सात. मला मनातून बरं वाटलं. पत्र्याची खोली शेवटी पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तापेल, पावसात कान किटतील, आणि सहा महिन्यांत दोघं पुन्हा खाली जेवायला येतील, असा माझा हिशेब होता.

मग एका संध्याकाळी जाऊ गाडीतून उतरली ती हातात एक जाडजूड रंगीत पुस्तक घेऊनच. जालन्यातल्या कुठल्याशा फर्निचरच्या दुकानातलं. मॉड्युलर किचन. माझ्या मशीनजवळ पाटावर बसून तिनं एकेक पान उलटलं. ओट्याखाली ओढायच्या ट्रॉल्या, चमच्यांना वेगळा कप्पा, ताटांना वेगळा, कोपऱ्यात गोल फिरणारी जाळी, भिंतीवर बंद कपाटं.

"ताई, रंग सांगा ना. तुमची नजर चांगलीय."

पहिल्यांदा मी मुद्दाम एका मळकट तपकिरी रंगावर बोट ठेवलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "खरं सांगा. तुमच्या किचनला घ्यायचा असता तर?"

मोरपंखी निळा होता एक. खाली तो आणि वरच्या कपाटांना दुधी पांढरा. मी त्यावर बोट ठेवलं आणि तिनं तोच घेतला.

माझ्या स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे, त्याला एका बाजूनं चीर गेली आहे. भिंतीला स्टीलची मांडणी, तिच्यावर लग्नात आलेले डबे. आमच्या ह्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. दर वर्षी म्हणायचे, या दिवाळीला ओटा बदलू. मी मागं लागले नाही, कारण मला गरजच वाटत नव्हती. त्या पुस्तकातली पानं बघेपर्यंत खरंच वाटत नव्हती. त्यानंतर मात्र सकाळी मांडणीवरचा डबा काढताना तो शेजारच्या डब्याला घासून आवाज झाला की माझ्या जिवाचा संताप व्हायचा. पीठ मळताना मला मोरपंखी निळा दिसायचा.

दुकानाचा माणूस माप घ्यायला यायचा होता, तो नेमका बुधवारी. सकाळी जाऊ गाडीत बसली आणि तिनं फोन केला. मागं गाडीचा गलका होता.

"ताई, आज ते मापवाले येऊन राह्यले. सिलिंग अजून लागायचंय ना, तर त्यांना सांगायचंय. सिलिंगवाला म्हणला, पत्र्याखाली थर्माकोल आणि पाइप येतेत, त्यामुळं पुढून दोन इंच खाली येईल आणि मागून पाच. तेवढं सांगाल ना?"

"पुढून दोन, मागून पाच," मी म्हणाले. "सांगते."

मापाला आलेला माणूस पन्नाशीचा होता. डोळ्यांवर चष्मा, कानावर पेन्सिल. कपाटं बसवायलाही तोच येणार होता. घरी उर्दू बोलणारा, आमच्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी. फार नीटनेटकं काम. एकेक माप दोनदा घ्यायचा, वहीत चित्र काढायचा, चित्रावर आकडे लिहायचा. मी दारात उभी राहून बघत होते. मलाही मापाचं काम कळतं, त्यामुळं त्याचा हात बघायला मला आवडत होता.

"ये स्लोप की वजह से ऊपर के कपाट तिरछे बनेंगे, भाभी," तो म्हणाला. "प्रत्येक कपाट वेगळं. एकदा कारखान्यात कटिंग झालं की बदलत न्हाई. सिलिंग कितना नीचे आयेगा? कुछ बोले क्या?"

मला आकडे पाठ होते. पुढून दोन, मागून पाच. ते माझ्या जिभेवर होते.

"मला न्हाई माहीत," मी म्हणाले. "पत्र्याला लागूनच बसवतील बहुतेक."

"एकाध इंच छोड देता हूं फिर," तो म्हणाला आणि त्यानं वहीत लिहिलं.

मी खाली आले. काय केलं ते मला पूर्ण कळत होतं. घाबरल्यासारखंही झालं नाही. उलट त्या दिवशी मी तीन ब्लाऊज संपवले. अधूनमधून वाटायचं, संध्याकाळी सांगून टाकावं, अजून वेळ आहे. संध्याकाळी जाऊ आली आणि दारातूनच म्हणाली, "आले होते ना? झालं सगळं बराबर?" तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी "हो" म्हणाले.

महिन्याभरानं टेम्पो आला. तोवर सिलिंग लागलं होतं, पांढरं, गुळगुळीत, आणि त्याच्याखाली पत्र्याची खोली पत्र्याची वाटतच नव्हती. जावेनं रजा घेतली होती. खोकी वर चढली. दुपारपर्यंत खालच्या ट्रॉल्या बसल्या. जाऊ एकेक उघडून बंद करत होती आणि त्या शेवटी आपोआप हळूच मिटत होत्या, आवाज न करता. तिनं मला हात धरून पुढं नेलं. "ताई, तुम्ही ढकलून बघा." मी ढकललं. इतकं अलगद मिटलं ते, की मला रडू येईल असं वाटलं.

मग भिंतीवरचं पहिलं कपाट लावायला घेतलं आणि ते सिलिंगला अडलं. दुसरं अडलं. मागच्या कोपऱ्यातलं तर चार इंच उरलं.

कारागिरानं वही काढली, पुन्हा टेप लावला, पुन्हा वही बघितली. भाऊजींचा आवाज चढला. "अहो, तुम्ही माप घेऊन गेल्ते ना? डोळे झाकून घेतलं का?"

"खाली सरकवून लावा ना मंग," जाऊ म्हणाली.

"न्हाई बसणार, बेटी. उतारच बदलला ना. सगळीकडून सारखंच खाली आलं असतं तर सरकवलं असतं. इथं मागूनच जास्त आलंय. सब तिरछा दिखेगा."

जावेनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही, नुसतंच, खात्री करायला बघतात तसं. "ताई, तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना? दोन आणि पाच?"

"सांगितलं होतं की," मी म्हणाले.

त्या माणसानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. चष्म्याआडून, शांतपणे. मला वाटलं, आता बोलेल.

"बोले होंगे," तो म्हणाला. "मेरे से ही लिखना रह गया. गलती माझी. मी दुरुस्त करून देतो."

जावेनं तोंड फिरवलं आणि ती आतल्या खोलीत गेली. ती रडत होती. ती रडावी म्हणूनच मी हे केलं होतं, आणि आता तो आवाज मला ऐकवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आणि भाऊजी कामावर गेले, आणि तो एकटा गच्चीवर कटर घेऊन बसला. खाली मला कटरचा आवाज येत होता. सुरू व्हायचा, थांबायचा, बराच वेळ शांतता, पुन्हा सुरू व्हायचा. मी एका बाहीची शिलाई दोनदा उसवली. शेवटी चहा घेऊन वर गेले.

एक फळी त्यानं तिरकी कापली होती आणि तिच्या कडेचा दुधी पांढरा थर जागोजाग उडाला होता. तो ती कड बोटानं चाचपत होता.

"भाऊ, तुम्ही काल का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

त्यानं कप घेतला. "भाभी, मुझे चार दिन में जाना है. तुम्हा दोघींना एकाच घरात राहायचंय."

तो बशीत चहा ओतून प्याला आणि फळीकडं वळला. "हर एक का अँगल अलग आ रहा है. सिलिंग भी सीधी नहीं है, बीच में थोडा झोल है. टेपनं पकडता येईना."

ते मात्र मला कळलं. खांद्याचा उतार टेपनं घेता येत नाही. एखादीचा एक खांदा उतरता असला की मी कागद अंगावर धरून खाका काढते. खाली जाऊन मी ब्राऊन पेपरची गुंडाळी, टाचण्या आणि कात्री आणली. स्टुलावर चढून कागद भिंतीशी धरला, सिलिंगच्या रेषेवर नखानं घडी मारली, घडीवर कापला. प्रत्येक कपाटाच्या जागेचा वेगळा कागद, त्यावर एक, दोन, तीन. पहिला कागद त्यानं फळीवर ठेवून पेन्सिलनं रेघ मारली, रेघेवर चिकटपट्टी लावली म्हणजे थर उडू नये, आणि कापलं. फळी वर धरली. सिलिंगला जिथल्या तिथं टेकली.

"बिलकुल बराबर," तो म्हणाला. पहिल्यांदाच हसला.

दोन दिवस आम्ही असंच काम केलं. कापलेल्या कडांना तो इस्त्रीनं पट्टी चिकटवायचा, मी पुढचा कागद कापायचे. कपाटं बसली. मागच्या कोपऱ्यातलं इतकं बुटकं झालं की त्यात फक्त मसाल्याच्या बरण्या मावतात, पण लांबून बघितलं तर सगळी रांग उतारासोबत एका रेषेत उतरत जाते. मोरपंखी आणि दुधी. मला ते स्वयंपाकघर तिच्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं आणि ते माझं नव्हतं.

जावेनं सगळ्यांना सांगितलं. शेजारणींना, माहेरच्यांना, शाळेतल्या बायकांना घरी आणून दाखवलं. "आमच्या ताईंनी कागद कापून दिले म्हणून झालं. त्या कारागिरानं तर सगळं बिघडवलं होतं." प्रत्येक वेळी ती माझा दंड धरायची. चौथ्यांदा की पाचव्यांदा तिनं तसं सांगितलं, तेव्हा पाहुण्या गेल्यावर मी तिला म्हणाले, "त्याची चूक न्हवती. मी त्याला सांगितलंच न्हाई. त्यानं विचारलं, तरी न्हाई."

ती नव्या ओट्यावर पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"विसरलात?"

"न्हाई. जळत होते मी. तुझं किचन बघून."

"ताई, रंग तुमच्या आवडीचा घेतला मी," एवढंच म्हणाली. लाटलेली पोळी तिनं पुन्हा गोळा करून ठेवली. मी जिना उतरून आले.

त्यानंतर तिनं त्या कारागिराला फोन करून माफी मागितली, हे मला भाऊजींकडून कळलं. त्यांनाही तिनं काय ते सांगितलं असणार, कारण ते दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. ह्यांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "ओट्याचं मला जोरात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्यावर मला राग आला आणि तो राग खरा होता, पण चूक माझी होती हेही खरं होतं.

जाऊ माझ्याशी अबोला धरून बसली नाही. येता-जाता बोलायची. पण रविवारी भाजी घेऊन खाली आली नाही. आणि श्रावणात एके सकाळी ती स्टेशनकडं निघाली तेव्हा तिच्या अंगात नवा ब्लाऊज होता, मी न शिवलेला. जालन्यात कुणाकडं तरी टाकला होता. मी खिडकीतून तिची पाठ बघितली. गळा छान बसला होता. खांद्यालाही सुरकुती नव्हती. कुठंतरी चुकलेलं असेल म्हणून ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी शोधत राहिले, आणि सापडलं नाही. त्या अनोळखी शिवणारणीचा मला जो राग आला, तो निळ्या ट्रॉल्यांच्या वेळी आला होता त्याहून कमी नव्हता.

दिवाळीचे ब्लाऊजही तिनं तिकडंच शिवले.

थंडी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी ती स्टेशनवरून आली ती थेट माझ्या दारात थांबली. पर्स खांद्यालाच होती.

"ताई, सांगून ठेवते. उद्या फ्रिज येऊन राह्यला. मोठा, दोन दारांचा. तुम्हाला आवडायचं न्हाई."

मी सुई दातांत धरली होती, ती काढली. "न्हाई आवडलं," मी म्हणाले.

"मला वाटलंच." तिनं पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "दुधाचं पातेलं ठेवायचं असलं तर ठेवत जा. जागा खूप आहे त्याच्यात."

"बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून तो फ्रिज जिन्यावरून वर चढवला. वळणावर अडला, तेव्हा एक जण ओरडला, दार धरा. मी मशीन थांबवली, जाऊन दार धरलं, आणि तो वर गेल्यावर परत येऊन शिवायला बसले.